काचेतला समुद्र आणि त्याची राखण

प्रवाळाची टाकी चालवणे म्हणजे समुद्राचे मोजके गुण बंद काचेत स्थिर ठेवणे. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, खारेपणा हजारी ३५, पीएच ८ ते ८.४ आणि दिवसरात्र न थांबणारा प्रवाह. ही राखण माणसाच्या हातून काढून मोजणारा प्रोब, वीज चालू-बंद करणारा रिले आणि प्रोग्रॅम यांच्याकडे सोपवणारे यंत्र म्हणजे कंट्रोलर. दक्षिण आणि मध्य मुंबईत या राखणीला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली दोन मुख्य ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत: चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय आणि ऑपेरा हाउसहून निघणारा लॅमिंग्टन रोड. परदेशी कंट्रोलर मुंबईत जसाच्या तसा क्वचितच रुजला. तो ज्या हवेसाठी, ज्या विजेसाठी आणि ज्या कायद्याच्या चौकटीत बनला होता, त्यांतले इथे काहीच नव्हते.

बंद पाण्यात जीव जगवण्याची युक्ती लंडनची. पाण्यातल्या वनस्पती आणि प्राणी योग्य प्रमाणात ठेवले तर पाणी न बदलताही टाकी तग धरते, हे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५०मध्ये दाखवून दिले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी आलेल्या फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने ही हौस इंग्लंडच्या बैठकीच्या खोल्यांत नेली. भारतातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय १९०९ साली मद्रासच्या किनाऱ्यावर झाले. मुंबईला त्यानंतर चाळीसेक वर्षे थांबावे लागले. समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या या शहरात समुद्रातला जीव पाहायचा तर ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला जावे लागे, आणि तिथे तो टोपलीत मेलेला दिसे.

तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. बांधकामाला ८ लाख रुपये लागले. त्यांतले २ लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याने दिले होते, म्हणून मत्स्यालयाला त्यांचे नाव. कारभार सरकारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे होता. जागा मरीन ड्राइव्हवरची, म्हणजे रस्ता ओलांडला की बॅकबे. अशा जागी बांधलेल्या मत्स्यालयाला मोठा आधार असतो: पाणी बिघडले तर नवे पाणी हाताशी असते. लंडनमध्ये वॉरिंग्टनला ज्या समतोलासाठी डोके खाजवावे लागले, त्याची गरज किनाऱ्यावर पुष्कळ कमी होते.

मात्र हा आधार बारमाही नसतो. मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी उन्हाळ्याच्या शेवटी चांगले खारट असते आणि जुलैत, नाले आणि खाड्या भरून वाहू लागल्या की, गढूळ आणि गोडसर होते. ज्या ऋतूत टाकीतल्या जिवांना समुद्राचा आधार हवा, नेमका त्याच ऋतूत समुद्र भरवशाचा राहत नाही. साठवणीचा हौद, वाळूची गाळणी, हायड्रोमीटर आणि पाऱ्याचा तापमापक ही त्या काळच्या राखणीची साधने. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा प्रश्नच नव्हता. मोजणारा माणूस, झडप फिरवणारा माणूस आणि रात्रपाळीला पंपाचा आवाज ऐकणारा माणूस, अशी ती व्यवस्था. माशांना ती पुरते. प्रवाळाला पुरत नाही, कारण प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळाला रोज आठ-दहा तास प्रखर उजेड लागतो आणि त्या काळच्या दिव्यांनी तो मिळण्यासारखा नव्हता. कित्येक दशके मुंबईकराने मत्स्यालयात पाहिले ते मासे, कासव, झिंगे. जिवंत प्रवाळभिंत नव्हे.

घरातली टाकी तर याहून साधी होती. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश हे गिरगाव-दादरच्या चाळींतल्या खिडक्यांवर बरण्यांत आणि लहान टाक्यांत दिसत. मासे मिळत क्रॉफर्ड मार्केटच्या पशुपक्ष्यांच्या गाळ्यांत. १८६९ साली उघडलेली ही मंडई फळाभाजीइतकीच पोपट, ससे आणि रंगीत माशांसाठीही प्रसिद्ध. गप्पीला तर पालिकेनेही कामाला लावले होते, विहिरींत सोडून डासांच्या अळ्या खाण्यासाठी. या टाक्यांना कंट्रोलर लागत नव्हता. युरोपात टाकीबरोबर थर्मोस्टॅटचा हीटर घ्यावाच लागे. मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या चार रात्री सोडल्या तर हीटरचे काही काम नसे. एअर पंपाचा गुरगुराट हीच काय ती यंत्रसामग्री, आणि आयातीवर परवान्यांचे कुलूप असल्यामुळे याहून जास्त काही बाजारात सहज येतही नव्हते.

बाहेर मात्र दिशा बदलत होती. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली: समुद्रातून आणलेला जिवंत खडक, समुद्राचेच पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, बस. १९६४ साली अमेरिकेत तयार मिठाची पिशवी विकायला आली आणि किनाऱ्यापासून हजार मैल लांबच्या माणसालाही समुद्र कालवता येऊ लागला. पुढे जर्मनीत फेस काढून पाणी स्वच्छ करणारा स्किमर, जिवंत खडक आणि मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे यांची सांगड बसली. बर्लिनच्या हौशी मंडळींच्या नावाने ती ओळखली जाते. यांपैकी जकार्ताची वाट मुंबईच्या हवेला सर्वांत जवळची. तीत दिव्याची उष्णता नाही. पण जगभर पसरली ती बर्लिनची वाट. २५० वॉटचा मेटल हॅलाइड पाण्यावर टांगला की जर्मनीच्या हिवाळ्यात हीटरचे बिल वाचते. मुंबईच्या मेमध्ये तोच दिवा टाकी शिजवतो.

कंट्रोलर जन्मला तो या बर्लिनी टाकीसाठी. दिवे, हीटर, प्रवाहाचे पंप, कॅल्शियमचा पुरवठा अशी उपकरणे वाढत गेली आणि प्रत्येकाला स्वतंत्र टायमर लावणे त्रासाचे झाले. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या नेपच्यून सिस्टिम्सचा ॲक्वाकंट्रोलर आला. घरातल्या विजेच्या तारांतूनच इशारे पाठवणाऱ्या एक्स-१० प्लगांवर तो चालत असे. जर्मनीत जीएचएलचा प्रोफिलक्स पुढे आला. २००९मध्ये नेपच्यूनने एपेक्स काढला आणि टाकी इंटरनेटवर पाहण्याची सवय लागली. ही सगळी यंत्रे एकाच घराची कल्पना करतात: थंड हवा, खात्रीची वीज, शेजारी सुटे भाग विकणारे दुकान. अमेरिकन कंट्रोलरची सॉकेटपट्टी १२० व्होल्टची, मुंबईची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. जर्मन पट्टीचे व्होल्टेज जुळते पण खोबणी जुळत नाही, कारण इथले तीन गोल पायांचे ६ आणि १६ अँपिअरचे प्लग तिच्यात बसत नाहीत. यंत्र आणले तरी त्याचा निम्मा भाग, म्हणजे प्रत्यक्ष वीज चालू-बंद करणारा भाग, इथेच उभा करावा लागतो.

कायद्यानेही निवडीला वळण दिले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जुलै २००१मध्ये खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि ऑर्गन-पाइप प्रवाळ घालण्यात आले. वाघाला जे संरक्षण तेच या जिवांना. देशाच्या समुद्रातून ते काढणे, बाळगणे, विकणे गुन्हा ठरला. लीच्या पद्धतीचा कणा असलेला, प्रवाळाने मढलेला जिवंत खडकही अर्थातच त्या कक्षेत येतो. घरगुती टाकीची मदार त्यामुळे मासे, झोअँथिड आणि मऊ प्रवाळांवर राहिली. याचा कंट्रोलरशी थेट संबंध आहे. टणक प्रवाळ सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातले कॅल्शियम आणि अल्कलिनिटी रोज ओढून घेतो. ती भरपाई थेंबाथेंबाने करणारे डोसिंग पंप हा महागड्या कंट्रोलरचा मोठा विक्रीमुद्दा. मऊ प्रवाळाच्या टाकीत ही मागणी इतकी थोडी असते की पंधरवड्याला थोडे पाणी बदलले तरी भागते. तेव्हा ज्या वैशिष्ट्यासाठी जाहिरातीत पानेच्या पाने खर्ची पडतात, त्याची दादर-परळच्या बहुतेक टाक्यांना गरजच नाही.

टाकी कुठल्या घरात मावते हाही इतिहासाचाच भाग. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी बसते. काच, खडक आणि खालचा सम्प, म्हणजे टाकीखालची जोडटाकी, धरला तर वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जाते. गिरगावातल्या लाकडी तुळयांच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, हे वजन चौरस हात-दोन हातांवर ठेवण्याचे धाडस शहाण्याने करू नये. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर परळ-लालबागमध्ये काँक्रीटचे मनोरे उभे राहिले, जुन्या चाळींचाही पुनर्विकास झाला आणि मोठी टाकी पेलणारी जमीन घराघरांत आली. तिच्याबरोबर एक नवी अडचण आली. मनोऱ्यातला एसी रात्री चालू आणि दिवसा, माणसे कामावर गेली की, बंद. पहाटे २५ अंशांवर असलेले पाणी दुपारी बंद काचांच्या खोलीत ३० अंशांच्या पुढे जाते. सतत २८ अंशांचे पाणी अनेक मऊ प्रवाळ सोसतात, पण रोजची पाच अंशांची चढउतार सोसत नाहीत. घरात दिवसभर कोणी असते तोवर पंखा लावणे, एसी लावणे हे हाताने होते. घर दिवसा रिकामे राहू लागले आणि कंट्रोलरची खरी गरज तिथून सुरू झाली.

मुंबईत कंट्रोलरचे पहिले काम गार करण्याचे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर झोत टाकणारा छोटा पंखा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते. बाहेरून उष्णता आली नाही तर दोनशे लिटरची टाकी तेवढ्याने तीन अंशांनी उतरते. हिशेब मोहक आहे, पण वाफ होणे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून. गिरणगावात हे शास्त्र जुने होते. सूत तुटू नये म्हणून खात्यांत ओलावा राखावा लागे आणि भिंतीवर कोरड्या व ओल्या कुपीचे तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असत. १९४८च्या कारखाने कायद्यातही कृत्रिम ओलाव्यावर स्वतंत्र कलम आहे. गिरणीला ओली हवा हवी असे, टाकीच्या पंख्याला कोरडी हवी. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असताना ओल्या कुपीचा पारा साडेसत्तावीस अंशांच्या आसपास थांबतो. पंखा कितीही मोठा लावला तरी पाणी त्याखाली जात नाही. जानेवारीत पंखा उत्तम चालतो. तेव्हा त्याची गरज नसते.

म्हणून चिलर. दोनशे लिटरला साधारण एक-दशांश अश्वशक्तीचे यंत्र पुरते, आणि ते पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकते. टाकीखालच्या बंद कपाटात चिलर ठेवला की तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि तासन्‌तास थांबत नाही. चिलरचा कॉम्प्रेसर चालू-बंद करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: चालू आणि बंद होण्याच्या तापमानांत अर्धा-एक अंश अंतर, आणि बंद झाल्यावर तीन मिनिटांची सक्तीची विश्रांती. नाहीतर कॉम्प्रेसर दर मिनिटाला धडपडतो आणि जळतो. या दोन्ही सोयी एसटीसी-१००० या काळ्या, तळहाताएवढ्या चिनी यंत्रात आहेत. दर्शनी बाजूला लाल आकडे आणि चार बटणे. एफ-१मध्ये तापमान, एफ-२मध्ये अंतर, एफ-३मध्ये कॉम्प्रेसरची विश्रांती, एफ-४मध्ये प्रोबची चूक सुधारणे. प्रोब एक अंशाने चुकू शकतो, म्हणून एफ-४ची दुरुस्ती चांगल्या तापमापकाशी ताडून पहिल्याच दिवशी करावी लागते. इंटरनेट नाही, आलेख नाही, फोनवर सूचना नाही. तरी मुंबईच्या टाकीचे जे सर्वांत मोठे संकट, ते हे यंत्र एकट्याने सांभाळते, आणि एवढ्याशा किमतीत याहून शहाणी खरेदी दाखवणे कठीण.

अशा वस्तूंचे घर लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव या रस्त्याला मिळाले. आता तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण दुकानदार आणि टॅक्सीवाले जुनेच नाव चालवतात. नाझ, मिनर्व्हा, अप्सरा ही एकेकाळची चित्रपटगृहे आणि त्यांच्या आगेमागे रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने. १९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले तशी रेडिओबरोबर टीव्हीची जुळणी आणि दुरुस्ती आली, मग संगणक आले. २००५मध्ये इटलीतून निघालेला आर्डुइनो आणि २०१४मध्ये चीनमधून आलेली, वाय-फाय पोटात असलेली ईएसपी-८२६६ चिप यांनी या रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि नाना तऱ्हेचे हौशी वाढवले. टाकीवाले त्यांतलेच. ईएसपीचा बोर्ड, डीएस-१८बी२० हा तापमानाचा प्रोब आणि निळ्या डब्यांचे चार रिले एवढ्यात कंट्रोलरचा गाभा तयार होतो. रास्पबेरी पायवर चालणारे रीफ-पाय हे मुक्त सॉफ्टवेअर आल्यावर कोड लिहिण्याचीही सक्ती उरली नाही.

हातबांधणीच्या कंट्रोलरची दुखणीही स्थानिक आहेत. बाजारात मिळणाऱ्या डीएस-१८बी२०वर स्टेनलेसची टोपी असते. खाऱ्या पाण्यात ती काही महिन्यांत गंजते, पाणी आत शिरते आणि आकडे भरकटतात. म्हणून टोपीवर एपॉक्सी चढवतात किंवा ती प्लॅस्टिकच्या नळीत बंद करतात. निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असते, पण ते साध्या भारासाठी. कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट प्रवाह खेचतो, ठिणगी पडते आणि संपर्क चिकटून बसतात. चिकटलेला रिले बंद होत नाही. चिलरवर असा रिले चिकटला तर पाणी थंड होत जाते, हीटरवर चिकटला तर मासे उकडतात. त्यावर उपाय लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातला: रिलेने काँटॅक्टर, म्हणजे जड भार पेलणारा स्विच, ओढायचा आणि काँटॅक्टरने कॉम्प्रेसर. गिरण्यांतल्या वायरमनला हे सांगावे लागले नसते. तिसरे दुखणे हवेचे. टाकीवर फुटणाऱ्या बुडबुड्यांतून मिठाचे कण उडतात, समुद्राकडूनही खारी हवा येते आणि पावसाळ्यात बोर्डावरची तांब्याची रेघ हिरवी पडते. कंट्रोलर टाकीखाली ठेवणे टाळावे आणि प्रत्येक वायरीला सॉकेटपूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी झोलातून खाली टपकते, प्लगात शिरत नाही.

पंखा आणि वाफ यांच्यामागोमाग पाण्याची भर येते. वाफेबरोबर मीठ जात नाही. दोनशे लिटरमधून चार लिटर पाणी उडाले की हजारी ३५चा खारेपणा ३५.७ होतो आणि रोज तेवढेच उडत राहिले तर चार दिवसांत तो जिवांना जाणवू लागतो. ही भर आपोआप घालणाऱ्या यंत्रणेला हौशी मंडळी एटीओ म्हणतात: सम्पमध्ये पातळीचा सेन्सर, शेजारी आरओच्या पाण्याची टाकी, मध्ये छोटा पंप. परदेशी पुस्तके एटीओ सरळ नळाला जोडण्याचा मार्गही सांगतात. लालबाग-गिरगावात नळाला पाणी ठरावीक वेळी येते, तेव्हा तो मार्ग आपोआप बाद होतो, आणि ते बरेच आहे. सेन्सर अडकला तर नळ रात्रभर वाहतो, दहा लिटरची टाकी मात्र दहा लिटरवर थांबते. पीएच आणि ओआरपी, म्हणजे पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षमता, मोजणारे प्रोब याउलट शोभेकडे झुकतात. पीएचचा काचेचा प्रोब दर महिन्या-दोन महिन्यांनी ७ आणि १०च्या द्रावणात बुडवून जुळवावा लागतो आणि वर्ष-दीड वर्षात बदलावा लागतो. न जुळवलेल्या प्रोबच्या आकड्यावर विसंबून पाण्यात रसायन ओतणारा माणूस, प्रोबच न घेणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

दशकभरापूर्वी एलईडी दिवे स्वस्त झाले आणि मेटल हॅलाइडची उष्णता टाकीवरून उतरली. कंट्रोलरवरचा भार त्याने कमी झाला. मार्च २०१५मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयातही एलईडीचा उजेड आणि १२ फुटी ॲक्रिलिक बोगदा होता.

२०२०ने राखणीची वेगळीच परीक्षा घेतली. मार्चच्या टाळेबंदीत मत्स्यालय बंद झाले आणि पुढे इमारतीच्या दुरवस्थेमुळे कित्येक वर्षे उघडले नाही. १२ ऑक्टोबरला सकाळी दहानंतर मुंबईभर वीज गेली. बेटावरच्या शहराला, म्हणजे बेस्टच्या हद्दीला, अंधाराची सवय नाही. लोडशेडिंग उर्वरित महाराष्ट्राने भोगले, मुंबईने क्वचित. त्यामुळे बॅटरीचा विचार इथे बहुतेकांनी केलेला नव्हता. वीज गेल्यावर टाकीतला पहिला धोका तापमानाचा नसून ऑक्सिजनचा असतो. प्रवाह थांबला की दाटीच्या टाकीतले मासे काही तासांत पृष्ठभागावर येऊन तोंडे मारू लागतात. महागडा कंट्रोलर अशा वेळी फोनवर सूचनासुद्धा पाठवू शकत नाही, कारण घरातला राउटरही बंद पडलेला असतो. उपयोगी पडतो तो सेलवर चालणारा साधा एअर पंप. कंट्रोलर निवडताना म्हणून त्याच्या आलेखांपेक्षा एक सेटिंग आधी पाहावे: मेंदूशी संपर्क तुटला तर प्रत्येक सॉकेट कुठल्या अवस्थेत जाते. प्रवाहाचा पंप चालू, हीटर बंद, एटीओ बंद, ही योग्य अवस्था. आणि हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट हवाच, कंट्रोलरपेक्षा एखाद अंश वर लावलेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून प्रवाळांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली कुलाब्याच्या नेव्हीनगरला हलवण्यात आल्या. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हे अनेकांना तेव्हा प्रथम कळले. ओहोटीत उघडे पडणारे, गढूळ पाण्यात आणि जुलैच्या गोडसर लाटांत टिकणारे हे प्रवाळ टाकीतल्या नाजूक जातींहून वेगळे आणि चिवट. त्यांनाही पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे पालिकेलासुद्धा ते हलवण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. कायद्यात २०२२मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. टाकीचे सामान घेताना चिलर, काँटॅक्टर आणि एटीओच्या जोडीला आता जिवांची कागदपत्रेही तपासावी लागतात.